घडीच्या पंख्याची दोन अंगे

चिनी चित्रांचा एखादा संग्रह चाळताना मध्येच असे एक पान लागते, की ते भिंतीवर टांगण्यासाठी काढलेले नव्हते हे त्याच्या आकारावरूनच ध्यानात येते. वर रुंद, खाली अरुंद, कमानीसारखे वाकलेले. दोन्ही कडा तिरप्या. आणि खालच्या एका अदृश्य बिंदूपासून किरणांसारख्या निघालेल्या पंधरावीस घड्यांच्या रेषा, ज्या कितीही ओलवून, खळ लावून, दाबून सपाट केल्या तरी पुरत्या बुजत नाहीत. ते घडीच्या पंख्याचे पान असते. एके काळी ते बांबूच्या काड्यांवर बसवलेले होते, कोणाच्या तरी बाहीत वागवले जात होते, उन्हाळ्याच्या दुपारी उघडत आणि मिटत होते. पुढे कोणी त्याच्या काड्या काढल्या, पाठीमागून नवा कागद डकवला आणि चित्रांच्या वहीत त्याला कायमचे निजवले. चित्र त्यामुळे वाचले हे खरे, परंतु पंखा त्याच दिवशी संपला. पंख्यांवरील शाईची चित्रे व सुलेखन जमविण्याचा जो व्यासंग चीनमध्ये निदान आठशे वर्षे चालत आला आहे आणि आता इतर देशांतही पसरला आहे, त्याचा विचार करू लागले म्हणजे सगळे प्रश्न शेवटी या एका कृतीपाशी येऊन थांबतात: संग्राहकाने जपायचे ते काय, चित्र, अक्षर, की ते ज्याने दिले आणि ज्याला दिले त्या दोघांमधला संबंध?

चीनमध्ये पंखा म्हटला की पुष्कळ शतके डोळ्यांपुढे येई तो घडीचा नव्हे. तो आपल्याकडच्या विंजण्याच्या जातीचा असे: चौकटीवर ताणलेले गोल किंवा लंबगोल रेशीम आणि मधोमध दांडा. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात हान सम्राटाच्या अंतःपुरात असलेल्या बान नावाच्या विदुषीच्या नावावर परंपरेने जी कविता सांगितली जाते, तीत शरदाचा वारा सुटताच पेटीत टाकून दिलेला शुभ्र रेशमी पंखा हे मर्जीतून उतरलेल्या स्त्रीचे रूपक झाले आहे. तेव्हापासून शरदऋतूत हाती पंखा घेऊन उभी असलेली स्त्री चित्रकाराने काढली, की जाणत्या चिनी प्रेक्षकाला अधिक काही सांगावे लागत नाही. सोळाव्या शतकाच्या आरंभीचा सुजौचा चित्रकार तांग यिन याने याच विषयावर काढलेले चित्र शांघायच्या संग्रहालयात आहे.

चौथ्या शतकातील वांग शीझी, ज्याला चिनी लोक सुलेखनाचा परमाचार्य मानतात, त्याची पंख्यांची कथा तर राजवटीच्या अधिकृत इतिहासातच नमूद झालेली आहे. बांबूचे षट्कोनी पंखे विकत बसलेल्या एका म्हातारीच्या पंख्यांवर त्याने न विचारता पाच पाच अक्षरे लिहिली. माल नासवला म्हणून ती चिडली. तेव्हा हे अक्षर कोणाचे एवढेच गिऱ्हाइकाला सांगून पंख्याला शंभर नाणी मागावीत, असे त्याने तिला सुचवले, आणि पंखे हातोहात खपले. दुसऱ्या खेपेस ती आणखी पंखे घेऊन आली तेव्हा तो नुसता हसला. शाओशिंग शहरात या प्रसंगाचे नाव धारण करणारा पूल आजही दाखवतात. कथेतला तपशील कितपत खरा हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी या विषयाचे बीज तीत पुरते आले आहे. वारा घेण्याची चार पैशांची वस्तू अक्षराने मोलाची होते, ते मोल लिहिणाऱ्याचा हात ओळखण्यावर अवलंबून असते, आणि हाताची ओळख पटली की बाजार दाराशी उभा राहतो.

सुंग राजवटीची राजधानी दक्षिणेस हांगजौला गेल्यानंतर, म्हणजे बाराव्या-तेराव्या शतकांत, गोल पंख्यावरील चित्रकला ज्या उंचीला पोहोचली ती पुन्हा आली नाही असे मला वाटते. पाव मीटरभर व्यासाच्या रेशमावर दरबारी चित्रकार धुक्यातला डोंगर, वेळूवर बसलेला पक्षी किंवा फळाची एखादी डहाळी काढीत. बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात पाण्यातून वर आलेल्या एकाच कमळाचे असे एक पान आहे. चित्रकाराचे नाव त्यावर नाही. सबंध वर्तुळ त्या एका फुलाने व्यापले आहे, पाकळ्यांच्या कडा रंगात विरून गेल्या आहेत, त्यांवरच्या शिरा मात्र केसाएवढ्या बारीक रेषांनी दाखवल्या आहेत. फुलाकडे इतक्या जवळून पाहावयाचे म्हणजे पंखा तोंडाजवळ धरला असताना जेवढे अंतर राहते तेवढ्यावरून, हे चित्रकाराने नेमके हेरले होते. त्या काळच्या पुष्कळ पानांवर मधोमध उभी एक झिजलेली रेघ दिसते. ती पूर्वीच्या दांड्याची खूण होय, आणि असे पान खरोखर कोणाच्या हाती वापरले गेले याचा तिच्याइतका प्रामाणिक दाखला दुसरा नाही.

सम्राट स्वतः पंख्यांवर लिहीत. राजकारणात हतभागी पण कलेत असामान्य ठरलेला ह्वेइझुंग (कारकीर्द ११०० ते ११२६) याच्या हातची, रेशमी पंख्यावर झपाट्याच्या लिपीत लिहिलेली चौदा अक्षरे शांघायला आहेत. त्याच्यामागून गाओझुंग व शिआओझुंग यांनी आणि राणी यांग हिनेही कवितांच्या ओळी पंख्यांवर लिहिल्या. आपल्याकडे दरबारातून पोशाख मिळावा तसा तिकडे सम्राटाच्या हस्ताक्षराचा पंखा मिळणे हा बहुमान होता. पुढच्या संग्राहकांनी अशी चित्रे आणि अक्षरे वहीच्या समोरासमोरच्या पानांवर बसवली. हे न घडते तर त्यांतले बहुतेक सगळे केव्हाच फाटून गेले असते. तेव्हा दांडा किंवा काड्या काढणाऱ्याला सरसकट दोष देण्याआधी, आपण आज जे पाहतो ते त्याच्याच कृपेने पाहतो, हेही मान्य केले पाहिजे.

घडीचा पंखा मूळचा जपानचा. चोनेन या जपानी भिक्षूकडून ९८८ साली सुंग दरबारात ज्या भेटवस्तू रुजू झाल्या त्यांच्या यादीत वटवाघुळाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पंख्यांचा उल्लेख आहे. मिटलेल्या आणि पसरलेल्या पंखांवरून पडलेले ते नाव मोठे समर्पक आहे. त्यानंतर चारशे वर्षे ही वस्तू बव्हंशी परदेशी नवलाईच राहिली. पंधराव्या शतकात मिंग सम्राट युंगलो याला तिची आवड लागली आणि त्याचा नातू श्वांदे याने तर स्वतः रंगवलेला, १४२७ सालचा, सुमारे दीड मीटर रुंदीचा एक अवाढव्य घडीचा पंखा मागे ठेवला, जो राजवाडा संग्रहालयात आहे. परंतु घडीच्या पंख्याचे खरे घर झाले ते सुजौ. रेशीम, तांदूळ आणि विद्या या तिन्हींनी संपन्न अशा त्या शहरात शन चौ (१४२७ ते १५०९), त्याचा शिष्य वन चंगमिंग (१४७० ते १५५९), तांग यिन आणि छिउ यिंग यांच्या हातून इतके पंखे रंगवले गेले, की आज कोणत्याही मोठ्या संग्रहातली पंख्यांची वही उघडली तरी पहिली भेट त्यांचीच होते.

या पंख्याचा कागद कसा असतो ते जरा जवळून पाहिले पाहिजे, कारण संग्राहकाची निम्मी परीक्षा तेथेच होते. कागदाचे थर एकमेकांस चिकटवलेले असतात आणि त्यांच्या मध्ये काड्यांची निमुळती टोके सरकवण्यासाठी पोकळ्या राखलेल्या असतात. शाई फुटू नये म्हणून कागदाला सरस व तुरटी यांचे पाणी दिलेले असते. मिंग काळात प्रतिष्ठा पावलेल्या पानांवर शिवाय सोने असे; कधी वर्खाचे बारीक कण शिंपडलेले, कधी सबंध पृष्ठ सोन्याने मढवलेले. चिनी शाई म्हणजे काजळी आणि सरस यांची वाळवलेली कांडी, ती दगडावर पाण्यात उगाळून हवी तेवढी दाट करावयाची. साध्या कागदावर ही शाई टेकताच आत मुरते आणि कुंचल्याने केलेली चूक तिथेच कायम होते. सोने मात्र शाई पीत नाही. ती वरच राहते, क्षणभर थबकते, रेषेच्या कडांना साकळते, मध्ये विरळ पडते, आणि वाळल्यावर त्या विरळ भागातून खालचे सोने उजळून येते. असे पान खिडकीच्या बाजूने तिरपे धरावे. एका कोनात सोने झळकते आणि शाई काळीभोर, निस्तेज दिसते. मनगट किंचित फिरवले की सोने मावळून मधासारखे तपकिरी होते आणि आतापावेतो न दिसलेले फिकट धुके डोंगराच्या पायथ्याशी उमटते. छापील प्रतिकृतीत यांतले काहीही येत नाही. पंख्याची चित्रे केवळ पुस्तकांतून पाहणाऱ्याने त्यांच्याविषयी फार बोलू नये असे मला वाटते ते यामुळेच.

घड्याही वाचाव्या लागतात. कित्येक पाने सपाट असतानाच रंगवून मग काड्यांवर बसवीत, कित्येक तयार पंख्यावर रंगवीत. घडीवर शाई तडकली असेल तर घडी मागाहून पडली. घडीच्या खोबणीत शाई साचली असेल किंवा कंगोऱ्यावरून जाताना कुंचला किंचित उडाला असेल तर घडी आधीची. हे एवढे कळले तरी, सपाट पानावर खोट्या घड्या पाडून त्याला म्हातारपण आणणाऱ्याचा डाव पुष्कळदा उघडा पडतो.

आणि या कमानीत चित्र बसवावयाचे कसे? क्षितिज सरळ काढले तर दोन्ही टोकांना जमीन कलंडते. कमानीबरोबर वाकवले तर नदीची टेकडी होते. सुजौच्या चित्रकारांनी यावर जी तोड काढली ती साधी आणि सुंदर आहे. एका टोकाला खडक आणि झाडे यांचा भार टाकावा, दुसऱ्या टोकाला दूरचा किनारा फिकट ठेवावा आणि मधला भाग पाण्याला किंवा ढगाला मोकळा सोडावा, म्हणजे जेथे वक्रता सर्वांत बोचते तेथे काही नसतेच. सुलेखकापुढची अडचण निराळी. चिनी अक्षरे वरून खाली आणि ओळी उजवीकडून डावीकडे; पंख्यावर या ओळी काड्यांप्रमाणे खाली एकवटत जातात आणि तळाशी दाटी होते. म्हणून एक ओळ पूर्ण लांबीची, पुढची दोन-तीन अक्षरांतच थांबलेली, पुन्हा एक लांब, असा क्रम रूढ झाला. वरच्या कडेला अक्षरांची दाट झालर आणि खाली मोकळी जागा, असे दृश्य त्यातून तयार होते आणि भाषा न कळणाऱ्यालाही त्यातली लय जाणवते. वन चंगमिंग ऐंशी ओलांडल्यावरही बारीक, सरळ लिपीत लिहीत असे. त्याचा तो धीमा, न डळमळणारा हात आणि चू युनमिंग (१४६० ते १५२७) याची घड्यांची पर्वा न करता वादळासारखी जाणारी शीघ्रलिपी ही दोन पाने शेजारी ठेवून पाहावीत. एकाच शहरातल्या, एकाच मित्रमंडळातल्या दोन माणसांचे स्वभाव एवढ्या थोड्या जागेत मला दुसरीकडे कोठे भेटलेले नाहीत.

येथे मूळ प्रश्नाकडे वळतो. घडीच्या पंख्याला दोन अंगे असतात आणि शिष्टसंमत रीत अशी, की एका अंगावर चित्र व दुसऱ्यावर सुलेखन असावे, आणि पुष्कळदा ती दोन निरनिराळ्या हातांची असावीत. कोणी एकाने चित्र काढले, वर्षा-दोन वर्षांनी पंख्याच्या मालकाने दुसऱ्या मित्राकडून मागच्या बाजूस कविता लिहवून घेतली, आणि दोघांनीही मालकाचे नाव आदराने घालून आपापल्या मुद्रा उठवल्या. या समर्पणाच्या ओळीवरूनच पंखा कोणी, कोणासाठी, कोणत्या निमित्ताने केला ते कळते. निरोपाचा आहे की अभीष्टचिंतनाचा, की केवळ उन्हाळा कडक आहे म्हणून पाठवलेला. सिंदूरवर्णी मुद्रा पाहिली की आपल्या जुन्या कागदांच्या अखेरीस असणाऱ्या 'मोर्तब सूद'ची आठवण मराठी वाचकाला आल्यावाचून राहणार नाही, आणि तुलना वावगीही नाही: मुद्रा नसेल तर लेख अपुरा. कालगणनेच्या बाबतीत तर आपण अधिकच घरचे आहोत. चिनी लेखक साल लिहितात ते साठ नावांच्या चक्रातले, आपल्या प्रभव-विभवादी संवत्सरांसारखे. नुसते संवत्सराचे नाव सापडले तर लेख या साठीतला की मागल्या, हे ठरवायला दुसरा पुरावा लागतो. आणि तो पुरावा बहुधा ज्याला पंखा दिला त्याच्या नावातून निघतो. तो गृहस्थ केव्हा जिवंत होता हे कळले की साठ वर्षांचा घोळ एका क्षणात मिटतो.

आणि नेमके हेच नाव व्यापाऱ्यांनी वारंवार खरवडून किंवा कापून काढलेले आढळते. कोणा अपरिचित माणसाच्या नावाने केलेले चित्र विकत घ्यायला गिऱ्हाईक कचरते, नाव नसलेले चित्र सर्वांचे होऊ शकते, असा त्यामागचा हिशेब. दोन अंगे सोलून वेगळी करण्यातही हिशेबच आहे: एका पंख्याची दोन पाने झाली म्हणजे विकायला दोन वस्तू झाल्या. मग चित्र एका घरी जाते, अक्षर दुसऱ्या घरी, आणि कोणी कोणासाठी काय केले हे पुन्हा जुळवणे अशक्य होते. आपल्याकडे एखाद्या दप्तरातले पत्र एका ठिकाणी आणि त्याचा लखोटा दुसऱ्या ठिकाणी गेल्यावर इतिहाससंशोधकाची जी अवस्था होते, तीच येथे अभ्यासकाची होते.

पंख्याची किंमत हा विषय चिनी पंडितांनी तोंडाने उच्चारायचा नसे. तो स्पष्ट उच्चारला यांगजौच्या झंग शिए याने. आयुष्यभर वेळू आणि ऑर्किड काढणाऱ्या या निवृत्त अधिकाऱ्याने १७५९ साली आपल्या कामाचा निरखनामाच लिहून जाहीर केला: मोठ्या चित्राला सहा ताएल (चिनी वजन) चांदी, मध्यमाला चार, लहानाला दोन, ओळींच्या जोडीला एक, आणि पंख्याला किंवा लहान चौकोनी पानाला अर्धा. भेटवस्तू आणि फराळ यांपेक्षा रोख चांदी बरी, हेही त्याने मोकळेपणाने कळवले. त्या निरखात पंखा सर्वांत खालच्या पायरीवर आहे ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ज्याला डोंगरदऱ्यांचा मोठा पट परवडत नसे त्यालाही एखाद्या थोर हाताचे काम बाळगता येई ते पंख्यामुळेच, आणि आजही सामान्य मिळकतीच्या संग्राहकाला या कलेत शिरायला जी वाट आहे ती बव्हंशी पंख्याच्या पानांचीच.

एकोणिसाव्या शतकात हा व्यवहार शांघायला आला आणि तेथे त्याचा कारखाना झाला. कागद, कुंचले आणि पंखे विकणारी दुकाने चित्रकारांची अडतही करीत. गिऱ्हाइकाने कोरा पंखा निवडावा, भिंतीवरच्या दरपत्रकातून चित्रकाराचे नाव सांगावे आणि काही दिवसांनी रंगवलेला पंखा घेऊन जावा. रन बोनिएन (१८४० ते १८९५) हा १८६८च्या सुमारास शांघायला येऊन स्थिरावला आणि पंख्यांवरच त्याची कीर्ती प्रथम पसरली. वाऱ्याने वाकलेली फांदी आणि तिच्यावर तोल सावरणारा पक्षी त्याने इतक्या थोड्या फटकाऱ्यांत काढले आहेत, की घाईचे काम असूनही घाई दिसत नाही. त्याचा स्नेही वू छांगशुओ (१८४४ ते १९२७) याचा पिंड दगडावरील प्राचीन लेखांवर पोसलेला; त्याच्या वेली पंख्यावरही कोरीव अक्षरांसारख्या चालतात. बीजिंगला छी बाइशी (१८६४ ते १९५७) याच्या घरी दरपत्रक लावलेले असे आणि चित्रात कीटक हवा असेल तर त्याची आकारणी वेगळी होई. नट मेइ लानफांग याने १९२०मध्ये त्याच्यापाशी चित्रकलेचे धडे घेतले. पंखा हे ज्याच्या भूमिकांचे नित्याचे साधन, त्याने पंखे रंगवावेत व जमवावेत हे ओघानेच आले.

स्त्रियांच्या हातचे पंखे हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, म्हणून येथे दोनच नावे. नानजिंगच्या छिनह्वाइ नदीकाठची गणिका मा शौझन (१५४८ ते १६०४) सोनेरी पंख्यांवर शाईने ऑर्किड काढी, आणि वन चंगमिंगच्याच वंशातली वन शू (१५९५ ते १६३४) फुले व फुलपाखरे. ज्या समाजात स्त्रीच्या चित्राला भिंतीवर जागा मिळणे अवघड होते तेथे पंखा तिच्या हाती होता, आणि त्यामुळे हा काळ अभ्यासणाऱ्याला पंख्यांवाचून गत्यंतर नाही.

नकलांविषयी मात्र विस्ताराने लिहिले पाहिजे. लहान आकार, मोठी नावे आणि अखंड मागणी या तिन्हींमुळे पंख्याच्या पानांत बनावट माल पहिल्यापासून फार. सुजौत जुन्या नावांची चित्रे पिढ्यान्‌पिढ्या करणारी घरेच होती. वन चंगमिंगचा शिष्य चू लांग हा गुरूच्या नावाने चित्रे काढून देई ही गोष्ट सर्वांना माहीत होती. असे सांगतात की नानजिंगच्या एका गृहस्थाने वनच्या नावाचे बनावट चित्र मागायला चूकडे नजराणा देऊन नोकर धाडला, तो चुकून खुद्द वनच्याच दारी गेला, आणि वनने रागावण्याऐवजी हसून नजराणा ठेवून घेतला व आपले अस्सल चित्र चूचे बनावट म्हणून चालेल ना, असे विचारले. कथा गमतीची म्हणून सांगतात, मला ती गंभीर वाटते. जेथे गुरू स्वतः शिष्याच्या हाताला आपले नाव वापरू देतो तेथे अस्सल आणि नक्कल यांच्यामधली रेघ आपण समजतो तेवढी ठळक नसते. रन बोनिएनविषयीही असेच सांगतात, की रन शिउंग या नामांकित चित्रकाराच्या नावाने पंखे रंगवून रस्त्यावर विकताना तो खुद्द रन शिउंगलाच सापडला आणि त्यानेच त्याला पुढे आणले. पण रन शिउंग १८५७मध्ये वारला. तेव्हा बोनिएन सतरा वर्षांचा. गोष्ट खरी मानायची तर ती कोवळ्या पोराची मानावी लागते, आणि मला तिच्यावर फार भार टाकवत नाही.

संग्राहकाने या जंगलात वाट काढावी कशी? चित्रापासून सुरुवात करू नये, एवढे मी ठामपणे सांगेन. आधी कागद, सोने आणि घड्या. मग मुद्रा, कारण मुद्रेची नक्कल सोपी असली तरी मुद्रा, साल आणि समर्पणातले नाव या तिन्हींचा मेळ घालणे नकलाकाराला जड जाते. मग अक्षर, कारण चित्रातला दगड किंवा झाड गिरवता येते पण सही आणि तिच्याभोवतीच्या चार ओळी एका दमात लिहिताना हात उघडा पडतो. आणि सर्वांत शेवटी चित्र. बाजारात बहुतेक जण नेमके उलट करतात.

काड्यांकडे तर कोणी पाहतच नसे. ठिपक्यांचा बांबू, शिसवी, हस्तिदंत, चंदन यांच्या काड्या करीत, आणि बाहेरच्या दोन रुंद काड्यांवर कोरीव काम होई. चित्रकार जिन छंगचा भाऊ जिन शीया (१८९० ते १९७९) हा या कलेतला विसाव्या शतकातला श्रेष्ठ कारागीर. त्याचे ज्ञान त्याचा भाचा वांग शीश्यांग याने टिपून ठेवले म्हणून टिकले. चित्र काढून घेऊन काड्या फेकून दिल्या जात होत्या त्या काळात त्या कोणी तरी निगुतीने कोरीतही होता, ही गोष्ट मनाला लागते.

मोठे संग्रह कसे झाले याचा इतिहास थोडक्यात असा. छिंग सम्राटांच्या जामदारखान्यात मिंग पंख्यांची पाने वह्यांत बसवून ठेवली होती. ती आज बीजिंग आणि ताइपेइ येथे विभागलेली आहेत. पाश्चात्त्य संग्रहालयांनी आरंभी सुंग काळच्या गोल पंख्यांचा हव्यास धरला, आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतले घडीचे पंखे उत्तरकालीन म्हणून दुर्लक्षिले. हा ग्रह मोडायला रॉबर्ट एल्सवर्थ या न्यूयॉर्कच्या व्यापाऱ्याचा संग्रह उपयोगी पडला. त्याने तो १९८६मध्ये मेट्रोपॉलिटन संग्रहालयाला दिला, आणि शांघायच्या चित्रकारांना त्यानंतर तिकडे निराळे स्थान मिळाले. मध्यंतरी १९६६पासूनच्या दशकात खुद्द चीनमध्ये जुन्या गोष्टींविरुद्ध जी मोहीम उठली तीत किती घरांतले पंखे चुलीत गेले याची गणती होणार नाही.

मुंबईचा चीनशी जुना संबंध आहे, पण तो या पंख्यांचा नव्हे. जमशेटजी जिजीभाईंसारखे व्यापारी कँटनला जाऊन येत, आणि त्या बंदरात परदेशी गिऱ्हाइकांसाठी मुद्दाम बनवलेले पंखे मिळत: कोरलेल्या हस्तिदंताचे, लाखेचे, किंवा हस्तिदंती चेहरे आणि रेशमी कपडे चिकटवलेल्या शेकडो माणसांनी गजबजलेले. कारागिरी अचाट, परंतु सुजौचा विद्वान असा पंखा बाहीत ठेवता ना. मुंबईच्या एखाद्या जुन्या घरातून चिनी पंखा निघालाच तर तो या जातीचा असण्याचा संभव अधिक, आणि त्याला वन चंगमिंगच्या मापाने मोजणे अन्यायाचे होईल.

आपल्या हवेत असा पंखा सांभाळणे कष्टाचे आहे. पावसाळ्यात सरस ओलावतो, कागदावर बुरशी धरते, कसर खळीच्या वासाने येते. उन्हाळ्यात तुरटी दिलेला कागद कडक होऊन घडीवर मोडतो. पंखा पुन्हा पुन्हा उघडू-मिटू नये, दिव्याखाली टांगू नये, आणि सोन्यावर बोट कधीही फिरवू नये. पोथ्यांच्या पेटीत वेखंड ठेवणाऱ्या घरांना हे नव्याने सांगावे लागणार नाही.

मग काड्या काढाव्यात की ठेवाव्यात? सुंग काळाच्या रेशमी पानांबद्दल हा वाद उरलेलाच नाही. ती वहीत आहेत तेथेच राहोत. घडी जेथे फाटत चालली आहे, सोने सुटते आहे, तेथेही पान सपाट करणे हाच उपाय आहे. पण तो जाणत्या हाताने, दोन्ही अंगे एकाच वहीत समोरासमोर ठेवून आणि काड्या त्याच पेटीत जपून. जो पंखा धड आहे त्याला मात्र हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, मग सुटी पाने केल्याने किंमत दुप्पट येत असली तरी.

ज्यांच्या हाती असा एखादा पंखा येईल त्यांना एवढीच विनंती, की चित्राची वाहवा करण्यापूर्वी तो उलटून पाहावा, मागच्या ओळी कोणाकडून तरी वाचून घ्याव्यात, आणि ज्याच्यासाठी तो केला त्या माणसाचे नाव कागदावर लिहून पंख्याबरोबर ठेवावे.